शोरूम, गॅरेज की अंगण: आपल्या भागात महागडी गाडी कुठं दाखवायची

निपाणीहून एकांनी विचारलंय. पुण्यातून सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी घेतली, २०१७ चं मॉडेल, ७८ हजार किलोमीटर झालेत, वॉरंटी संपलेली. पहिल्यांदाच शोरूमच्या वर्कशॉपला नेली तर ६४ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. भाचा म्हणतोय मामा ऑईलचा कॅन तेवढा आणा, अंगणातच बदलून देतो. एक दोस्त म्हणतोय बेळगावला उद्यमबागेत टाका, निम्म्यात होतंय. तर कुणाचं ऐकू?

मी आधी बरीच वर्षं अधिकृत वर्कशॉपमध्ये फ्लोअरवर काम केलंय आणि आता बेळगावात स्वतःचं गॅरेज चालवतो, जर्मन गाड्याच जास्त येतात. त्यामुळं दोन्हीकडचं आतून बघितलंय. सरळ सांगतो, तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. गाडी शोरूमची का गॅरेजची असं ठरवायचंच नसतं, कुठलं काम कुठं हे ठरवायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या वर्षभरात गाडीकडं बघतंय कोण. पुण्या-बेंगळूरात काही वाटलं तर माणूस अर्ध्या तासात वर्कशॉपला पोचतो, आपल्याकडं कुठल्या ब्रँडसाठी कोल्हापूर, कुठल्यासाठी हुबळी, गोवा नाहीतर थेट पुणं, म्हणजे एक दिवस मोडतोय. त्यामुळं लोक काय करतात, "पुढच्या खेपेला दाखवू" म्हणून तशीच चालवतात, आणि माझ्याकडं येणारे मोठे खर्च बहुतेक या पुढच्या खेपेतूनच आलेले असतात.

आधी ते एस्टिमेट घ्या. ६४ हजार बघून घाबरू नका आणि लगेच शिव्याही घालू नका, कागद घेऊन बसा आणि एकेक ओळ वाचा. इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर, हे पाहिजेच. ब्रेक फ्लुईड, हे पण पाहिजे, दर दोन वर्षांनी, गाडी उभी असली तरी, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडं पावसाळ्यात ओलावा काय कमी असतोय? तुमच्याकडं तवंदी घाट आहे, उतारावर ब्रेक तापून आतलं पाणी उकळलं की पॅडल खाली बसतं, तिथं पैसे वाचवू नका. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर जुन्या मालकानं कधी बदललेत त्याचा कागद नसेल तर बदलून टाका, म्हणजे तुमचा हिशोब शून्यापासून सुरू होईल. एसीचा मायक्रोफिल्टर, म्हणजे केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा, तो घरी होतो.

आता ब्रेकचे पॅड आणि डिस्क. "फ्रंट पॅड अँड डिस्क रेकमेंडेड" असं लिहिलं असेल तर विचारायचं, पॅड किती मिलिमीटर राहिलाय आणि डिस्कची जाडी किती आली, मोजून दाखवा. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेलीच असते, मोजमाप त्याच्या वर असेल, झिजून कडेला उंचवटा आलेला नसेल, भेगा नसतील तर डिस्क राहू द्या. पॅड तीन मिलिमीटरच्या जवळ आला असेल तर मात्र बदला. तुमच्या गाडीला पॅडचा सेन्सर पुढं डाव्या चाकाला एक आणि मागं उजव्या चाकाला एक असतो, म्हणजे उजवीकडचा पुढचा पॅड जास्त झिजला तर गाडी काही सांगणार नाही, तो डोळ्यानंच बघायला लागतो.

आणि मग खाली येतात त्या ओळी: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंटीरिअर ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग. काही तक्रार नसताना यातलं एकही लागत नाही असं माझं मत आहे. इंजिन फ्लशला तर मी स्वतः हात लावत नाही. किलोमीटर झालेल्या इंजिनात ते पातळ रसायन फिरवून जुना मळ सुटा करायचा आणि तो ऑईल पंपाच्या जाळीवर नेऊन बसवायचा, कशाला? चांगलं ऑईल वेळेवर बदलत राहिलं की आतून आपोआप स्वच्छ राहतं. सर्व्हिस ॲडव्हायझरला "हे आत्ता नको, जॉब कार्डवर नाही म्हणून लिहा" असं शांतपणे सांगायचं, ते लिहितात. त्यांच्यावर टार्गेट असतं हे मी आतून बघितलंय, तो पोरगा वाईट नसतो, पण तुमचा खिसा सांभाळणं हे त्याचं काम नाही.

मग शोरूममध्ये करायचं काय? वॉरंटी चालू असेल तर सगळं तिथंच करा, वाद नको. एक गोष्ट माहीत असू द्या, २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड लावला होता, स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं एवढ्यावरच सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही त्यात म्हटलं होतं. पुढं प्रकरण कोर्टात गेलं. पण कागदावरचा हक्क वेगळा आणि लाखभराचा क्लेम अडकल्यावर शोरूमच्या काउंटरला हेलपाटे मारणं वेगळं, म्हणून वॉरंटी आहे तोवर मी माझ्या गिऱ्हाईकांनाही तिकडंच पाठवतो.

तुमची वॉरंटी संपलीय, तरी तीन-चार कामं शोरूमचीच. पहिलं, चॅसी नंबर देऊन रिकॉल बाकी आहे का विचारायचं, म्हणजे कंपनीनं दोष काढायला गाडी परत बोलावलीय का. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचं प्रकरण जगभर गाजलं, तसले रिकॉल गाडी कितव्या मालकाकडं आहे ते बघत नाहीत, काम फुकट होतं. सेकंडहँड गाडीचं हे राहून जातं कारण पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं. दुसरं, त्याच नंबरावर जुनी सर्व्हिस हिस्टरी विचारा, कुठं किती किलोमीटरला काय झालं. गाडी घ्यायच्या आधीच बघायला पाहिजे होती पण आत्ताही उपयोग आहे, मीटर मागं फिरवलाय का तेही त्यातून कळतं. तिसरं, चावी आणि इमोबिलायझर, एअरबॅग, सीटबेल्टचं काम. आणि अपघाताचा मोठा इन्शुरन्स क्लेम.

बाकी ऑईल, ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स ऑईल, बॅटरी, ही कामं चांगलं गॅरेज तेवढ्याच दर्जानं करतं. पण चांगलं म्हणजे कुठलं, हे नीट बघा. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं मशिन, आहे का विचारू नका, स्कॅनर आता सगळ्यांकडं आहे. कुठला आहे ते विचारा. तपासणीचं सॉफ्टवेअर बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेन्ट्री, ऑडीला ओडिस नाहीतर व्हीसीडीएस; यातलं काही, नाहीतर त्या तोडीचं चालतंय का बघा. साधा स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो आणि पुसतो, तेवढ्यावर "लाईट गेली, झालं काम" म्हणणाऱ्या माणसाकडं गाडी ठेवू नका. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

बॅटरीवरून परीक्षा घेता येते. तुमच्या गाडीची बॅटरी डिकीत असते, एजीएम प्रकारची. दुकानदार म्हणेल "तेवढ्याच अँपिअरची साधी बसवतो, पैसे वाचतात". बसवली तर गाडी सुरू होईल, पण स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं त्या गाडीच्या चार्जिंगला ती साधी बॅटरी टिकत नाही. वर, बॅटरी बदलल्यावर नवी बसवलीय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायला लागतं, नाहीतर तो नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करत राहतो. "बॅटरी रजिस्टर करता का" एवढं एकच विचारा, समोरचा मेस्त्री काय बोलतोय त्यावरून कळून जाईल.

पार्टचं असं आहे, गाडीवर कंपनीचा शिक्का असलेले बरेच पार्ट दुसऱ्याच कारखान्यात बनतात. फिल्टर मान किंवा माहलेचा, सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे, शॉकअप साक्सचे, पॅड टेक्स्टारचे. त्याच कारखान्याच्या डब्यातला माल घेतला तर दर्जा तोच आणि पैसे कमी. फक्त जीएसटीचं बिल घ्या, डबा आणि जुना पार्ट दोन्ही बघायला मागा. बिल नाही म्हणजे माल कुठला ते कुणालाच माहीत नाही. आणि एक आपल्या गावचं सांगतो, उद्यमबागेत लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं, आपले टर्नर लोक हाताचे कलाकार आहेत याचा मला अभिमान आहे. पण सस्पेन्शनचा रबर बुश फाटला म्हणून नायलॉनचा टर्न करून बसवू नका. तो रबर ठराविक दिशेला ठराविकच हलायला बनवलेला असतो, तिथं कडक बुश बसला की धक्का पुढच्या जॉइंटवर जातो आणि दोन पावसाळ्यांत दुसरंच काहीतरी खडखडायला लागतं.

आता तुमच्या एस्टिमेटमध्ये जे नाही पण मला पाहिजे ते, गिअरबॉक्स ऑईल. तुमच्या गाडीत झेडएफचा आठ स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडीची कंपनी म्हणते यातलं ऑईल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ म्हणते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदला. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. तुमची गाडी २०१७ ची आणि किलोमीटर ७८ हजार, म्हणजे दोन्ही बाजूंनी वेळ जवळजवळ झालेलीच आहे. यात खालचं प्लास्टिकचं पॅनच बदलायला लागतं कारण फिल्टर त्यातच बसवलेला असतो, नवे बोल्ट येतात, आणि लेव्हल बघायची पद्धत महत्त्वाची आहे: गाडी लिफ्टवर एकदम सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर फिरवून घेतलेले, आणि ऑईलचं तापमान ३० ते ५० डिग्रीच्या मधे स्कॅनरवर बघत बघत भरण्याच्या भोकातून बारीक धार बाहेर येईपर्यंत भरायचं, मग बोल्ट मारायचा. गार गिअरबॉक्सला, इंजिन बंद ठेवून, "जेवढं निघालं तेवढं ओतलं" असं करणारे आहेत. नंतर गिअर झटके मारायला लागला की म्हणतात बघा ऑईल बदलल्यामुळं बिघडला. ऑईल बदलल्यानं नाही बिघडत ओ, लेव्हल चुकल्यानं बिघडतो. हे काम घरी अजिबात नको.

आता भाच्याकडं येऊ. पोराला हौस आहे, ती मारू नका, उलट गाडीला घरातला एक डोळा मिळाला. पण इंजिन ऑईल अंगणात बदलायचं असेल तर माझ्या दोन अटी. एक, गाडीबरोबर आलेल्या जॅकवर गाडी उचलून कुणीही खाली सरकायचं नाही. काहीही झालं तरी नाही. तो जॅक चाक बदलायला आहे, माणूस खाली घालायला नाही. ट्रॉली जॅक, दोन मजबूत स्टँड, फरशी सपाट आणि घट्ट, अंगणातल्या मातीवर किंवा उतारावर नाही. हे नसेल तर सरळ माझ्यासारख्याच्या लिफ्टवर आणा, ऑईल तुमचं, हात भाच्याचे, लिफ्टचे पैसे द्या, पुष्कळ गॅरेजवाले ओळखीवर तयार होतात. दोन, ऑईल डब्यावरच्या चित्रावर घ्यायचं नाही, मागं बारीक अक्षरात गाडीच्या कंपनीची मंजुरी लिहिलेली असते ती वाचायची. तुमच्या डिझेलला बीएमडब्ल्यू लाँगलाईफ-०४ पाहिजे. मर्सिडीज डिझेलवाल्यांनी २२९.५१ नाहीतर २२९.५२ बघायचं, ऑडीवाल्यांनी ५०७.००. नुसतं ५डब्ल्यू-३०, म्हणजे घट्टपणाचा आकडा, जुळलं म्हणून भागत नाही, कारण या मंजुरीवाल्या ऑईलमध्ये राख कमी असते आणि डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरला तीच राख कायमची चोंदवते. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायचा, बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं मारायचा. स्क्रीनवर पुढची सर्व्हिस पंचवीस हजारांनी दाखवत असली तरी आपल्या धुळीत आणि गावातल्या छोट्या फेऱ्यांत मी दहा हजार किंवा एक वर्ष एवढंच धरतो. आणि जुनं ऑईल गटारात, शेताच्या बांधावर ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

खरं घरचं काम मात्र वेगळंच आहे आणि त्याला पानासुद्धा लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, पावसाळ्याआधी बॉनेट उघडून वायपरच्या खालची जागा बघा. तिथं पन्हळीसारखा खोलगट भाग असतो, काचेवरून आलेलं पाणी तिथं जमून दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली जातं. बेळगावात कॅम्प आणि टिळकवाडीत झाडांखाली लावलेल्या गाड्यांत तिथं पानांचा, काटक्यांचा आणि मातीचा चक्क थर सापडतो, मूठभर नाही, घमेलंभर. जून-जुलैची झड लागली की भोक बंद, पाणी वर चढतं आणि एसीच्या वाटेनं केबिनमध्ये उतरतं. मालक येऊन सांगतो "आत कुबट वास येतोय, परफ्युम लावला तरी जात नाही". मॅट उचलला तर खालचा फोम पिळून पाणी निघतं, आणि त्या फोमखालूनच वायरिंगचे जोड गेलेले असतात. काही ऑडींमध्ये त्या पन्हळीजवळच ब्रेकचा बूस्टर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डबा असतो, तिथं तर खर्च विचारू नका. जांबोटी-कणकुंबीकडं शेतघर असणाऱ्यांनी हे दर आठवड्याला बघावं, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

सनरूफ असेल तर तेच. उघडून पुढच्या दोन कोपऱ्यांत बघा, बारीक भोकं दिसतील. कपभर पाणी हळू ओता, पुढच्या चाकाच्या आसपास खाली टपटप यायला पाहिजे. नाही आलं तर गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी हलक्या हातानं आत घालायची. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतली नळी निसटते आणि मग पाणी थेट पायात.

बाकी पटकन सांगतो. कूलंटची पातळी सकाळी इंजिन गार असताना बघा, कमी असेल तर त्याच प्रकारचा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुकानातला हिरवा नको, बोअरचं पाणी तर नकोच. मायक्रोफिल्टर भाच्याला करू दे. टायरच्या बाजूला फुगा आलाय का महिन्याला हात फिरवून बघा, चोर्ला रोडला नाहीतर गावातल्या खड्ड्यात रनफ्लॅट टायर आपटला की रिम वाकते आणि टायरला बाजूनं फुगा येतो. रनफ्लॅट पंक्चर झाल्यावर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतो, म्हणजे निपाणीहून कोल्हापूर गाठता येतं, पण फुगा आलेल्याचा भरवसा नाही. आणि चाकाच्या बोल्टचं लॉक उघडायची चावी जुन्या मालकानं दिलीय का आजच डिकीत शोधा. पॅड बदलायचा उत्साह असेल तर तुमच्या गाडीला हातानं ओढायचा हँडब्रेक आहे म्हणून ठीक, पण बटणाचा पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्यांना मागचे पॅड काढायच्या आधी स्कॅनरनं ब्रेक सर्व्हिस मोडला घालायला लागतो, नाहीतर मोटर मोडते.

गाडी चालवणं हे पण मेंटेनन्सच आहे. डीपीएफमध्ये जमलेली काजळी जळायला एक्झॉस्ट सलग तापायला लागतो. गाडी नुसती घर ते पेढी, पेढी ते बाजार फिरत असेल तर ते जळणं दरवेळी अर्ध्यात तुटतं, फिल्टर भरतो, शिवाय न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. तुम्हाला हायवे दाराशी आहे, आठवड्यातून एकदा संकेश्वरपर्यंत नाहीतर कागलकडं वीस-पंचवीस मिनिटं सलग एका वेगानं मारा. बेळगाववाल्यांना मी काकती ओलांडून हत्तरगी टोलपर्यंत जाऊन यायला सांगतो. फिल्टर काढून आतून पोकळ करून देतो म्हणणारे भेटतील, ते बेकायदा आहे आणि तुमच्या मागं येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या फुप्फुसात जातं ते.

आवाजाकडं कान द्या. सकाळी गार इंजिन सुरू करताना मागच्या बाजूनं, गिअरबॉक्सकडून, खरखर घासल्यासारखा आवाज आला तर गाडी चालवू नका. या इंजिनांत टायमिंग चेन, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, मागच्या बाजूला असते, आधीच्या एन४७ डिझेल इंजिनमध्ये चेनच्या तक्रारी जगभर झाल्या, तुमच्यातलं बी४७ त्यानंतरचं आहे आणि बरं आहे, पण चेनची जागा तीच. आणि बंद पडली तर दोरी लावून ओढत आणू नका, ऑटोमॅटिक गाडी इंजिन बंद असताना ओढली की गिअरबॉक्समध्ये ऑईल फिरत नाही. फ्लॅटबेडच मागवा, रोडसाइड असिस्टन्सचा नंबर इन्शुरन्सच्या कागदावर असतो, तो फोनमध्ये घालून ठेवा.

तर तुमच्यापुरतं असं. शोरूमला फोन करून चॅसी नंबरावर रिकॉल आणि हिस्टरी विचारा, एस्टिमेटमधलं इंजिन फ्लश आणि क्लीनिंगवालं सगळं काढायला सांगा, डिस्कचं मोजमाप मागा, आणि नवा आकडा किती येतो ते बघा. ऑईल, फिल्टर आणि ब्रेक फ्लुईडपुरता आकडा वाजवी वाटला तर या एका खेपेला तिथंच करून घ्या, शिक्क्यासकट, पुढं विकताना पुण्या-बेंगळूरचं गिऱ्हाईक तो कागद मागतं. गिअरबॉक्स ऑईल मात्र ज्याच्याकडं लिफ्ट आणि बरोबर स्कॅनर आहे अशा गॅरेजला, आणि ते होताना स्वतः उभं राहून तापमान किती दाखवतंय ते बघा. पुढच्या वर्षीपासून ऑईल भाच्याला करू दे, लिफ्टवर. गाडी महाराष्ट्र पासिंगचीच असेल तर एनओसी आणून चिकोडी आरटीओला लाईफटाइम टॅक्सचं किती बसतंय तेही आत्ताच विचारून घ्या, तो आकडा या सर्व्हिसिंगपेक्षा बराच मोठा असतो आणि बजेट त्याच्यासकट धरायला पाहिजे.